दहा गुंठे घास

ज्ञानू वस्तादांनी दुधाचा गलास अर्धाच पिऊन खाली ठेवला, ही बातमी बाळासोंच्या आधी त्यांच्या घरी पोचली. कोल्हापुरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. बाळासोंची सून क्रांती गोठ्यामागं शेण भरत होती. शेजारची चिमणाबाई कुंपणावरून वाकली आणि म्हणाली, "तुज्या सासऱ्याचं दूध वस्तादांनी टाकलं म्हणं गं." एवढं सांगून ती गेली नाही. पुढं काय होतंय ते बघायला तिथंच कुंपणाला टेकून राहिली.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल, एका म्हाताऱ्यानं अर्धा गलास दूध ठेवलं, त्यात एवढं काय? पण असं म्हणणाऱ्यानं गंगावेशीतला दूध कट्टा बघितलेला नसतो. संध्याकाळ झाली की तिथं रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या राहतात. मालक खाली बसतो, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळलेला गलास तुमच्या हातात देतो. तापवणं नाही, पिशवी नाही, मधे कोणी नाही. तालमीतली पोरं येतात, दुकानदार येतात, बायकोला स्कूटरवर मागं बसवून डॉक्टर येतात. मालकानं जनावराला काय खायला घातलंय ते तिथं जिभेला कळतं, आणि त्या कट्ट्यावरची सगळ्यात जुनी जीभ ज्ञानू वस्तादांची. वय ऐंशीच्या घरात, कान कुस्त्या खेळून चपटे झालेले, मिशी मात्र अजून पिळाची. बाळासोंच्या हातचं दूध ते बाळासोंच्या लग्नाआधीपासून पीत होते. पाऊस असो, दसरा असो, घरात कुणाचं लग्न असो, वस्तादांचा पहिला गलास बाळासोंकडं. दुसऱ्या म्हशीकडं त्यांनी कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी गलास ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "बाळासो, दुधाला वास येतोय." तेही हळू आवाजात. ओरडले असते तर परवडलं असतं.

मामा घरी आले. सासऱ्यांना क्रांती मामा म्हणायची. त्यांनी हरणीला, म्हणजे त्या म्हशीला, दाव्याला बांधलं आणि पायरीवर बसून राहिले. चहा नको म्हणाले. जेवण नको म्हणाले. शेवटी सासूबाई, बायडाबाई, कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"कसला वास म्हणं?"

"पाल्याचा. हिरवा."

झालं. बायडाबाईंची मान फिरली ती थेट सुनेकडं. "मी म्हणत न्हवते? त्योच घास. म्हशीला मेथीची भाजी घालत्यात व्हय कुणी? आमी जल्मभर उसाचं वाडं घातलं, कडबा घातला. कदी कुणी नाक मुरडलं न्हाय."

आता ह्या घासाचं थोडं सांगायला हवं, कारण भांडण सगळं त्याच्यावरून आहे. हा लसूणघास. पानं मेथीसारखी, फूल जांभळं. एकदा पेरला की तीन-चार वर्षं तरी हलत नाही. कापून आणला की महिन्याभरात परत गुडघ्याला लागतो. क्रांती चंदगडकडची. तिकडं डोंगर आहेत, दणकून पाऊस आहे, काजू आहे, आणि जनावरं सकाळी रानात सोडली की पोट भरून घरी येतात. लग्न होऊन ती फुलेवाडीला आली आणि बघते तर चारी बाजूंनी ऊस, आणि म्हशीच्या तोंडात घालायला काही नाही. कारखाने चालू असले की उसाच्या शेंड्यांचं वाडं मिळायचं. ते बंद झाले की अख्खा उन्हाळा विळा आणि पोतं घेऊन लोकांच्या बांधांवरून हिंडायचं. नवी सून म्हणून ते काम हिच्याच गळ्यात पडलं. "कोण हाय त्ये बांधावर?" म्हणून कोणीही ओरडायचं आणि ही खाल मानेनं ऐकून घ्यायची. माहेरी जिनं कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तिनं असे दोन उन्हाळे काढले. मग एका शेती प्रदर्शनात तिनं घास बघितला, तिथंच बी घेतलं, आणि घरी येऊन माळाकडचे दहा गुंठे मागितले. त्या तुकड्यात ऊस धड येतच नव्हता, म्हणून मामा म्हणाले, "कर काय करायचं त्ये."

आणि मग घरातल्या प्रत्येकानं त्या घासाला ऊस समजून जीव लावला. तिचा नवरा यशराज शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींच्या दुकानात कामाला. त्याला पाणी पाजायचं म्हणजे रान तुडुंब भरायचं, एवढं एकच माहीत. त्यानं मोटार सुरू केली आणि बायकोच्या पिकाला काही कमी पडू नये म्हणून तशीच चालू ठेवली. घासाची मुळं पाण्यात कुजली आणि सगळा तुकडा पिवळा पडला. पिवळा पडला म्हणून बायडाबाईंनी कळवळून युरिया फेकला. त्यानं घास काही सुधारला नाही, तण मात्र जोमात आलं. क्रांती त्या दिवशी बांधावर बसून हसली, मग थोडी रडली, आणि घरी येऊन तिनं सगळ्यांना बजावलं, की ह्याच्या मुळांना गाठी असतात, त्यातनं ह्याचं खत हेच करतंय, तुमी लांबनं बघा आणि गप ऱ्हावा.

दिवाळी झाल्यावर तिनं परत पेरला. ह्या खेपेला वाफे पाडून, पाणी निघून जाईल असा उतार ठेवून, मोजकं पाणी देऊन. आणि तो आला. असा आला की रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी थांबवून विचारायची, हे काय लावलंय. उन्हाळ्यात जास्तीचा झाला तो तिनं गच्चीवर वाळवला. ते काम सकाळी दव असतानाच करायचं. ऊन चढल्यावर हात लावला तर पानं झडून जातात आणि हातात नुसत्या काड्या राहतात. पावसाळाभर हरणीला तो वाळका घास पुरला, आणि त्या वर्षी क्रांती एकदाही दुसऱ्याच्या बांधावर गेली नाही. हरणीच्या अंगावर तुकतुकी आली. मामा एवढंच म्हणाले, "बरा हाय." पुढं एक शब्द नाही.

क्रांतीलाही कौतुकाची फार हाव नव्हती, असं ती स्वतःला सांगायची. पण सासरी आल्यापासून प्रत्येक गोष्ट कुणाची तरी होती. गोठा मामांचा, चूल आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, स्कूटर यशराजची. हे दहा गुंठे तेवढे तिचे. सकाळी घासात पाय ठेवला की तिला फार बरं वाटायचं. ते गेले तर आपण परत पोतं घेऊन लोकांच्या बांधावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वस्ताद कट्ट्यावर आले. मामांसमोर क्षणभर थांबले आणि शेजारच्या पिराजीच्या म्हशीकडं गेले. पिराजी म्हणजे मामांचा कट्ट्यावरचा शेजारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यानं वस्तादांना गलास देताना मामांकडं बघून जो डोळा मारला, तो मामांच्या काळजात घुसला. घरी येऊन त्यांनी निकाल दिला.

"उद्यापासनं हरणीला घास बंद. पिराजीला ट्रॅक्टर सांगितलाय. पुढल्या ऐतवारी येतोय. त्या तुकड्यात कसा का येईना, ऊसच लावायचा."

यशराज मधे बोलायला गेला तर मामांनी नुसतं बघितलं आणि तो पाणी प्यायला आत निघून गेला. क्रांतीनं काही वाद घातला नाही. घास बंद केला. हरणीला कडबा घातला, वाडं घातलं. हरणी वाड्याकडं बघायची आणि मग क्रांतीकडं बघायची.

चार दिवस गेले. मामांनी न राहवून स्वतः गलास भरला आणि पिराजीच्या म्हशीपाशी उभ्या असलेल्या वस्तादांकडं नेला. वस्तादांनी गलास नाकाशी नेला, मान हलवली आणि परत दिला. वास होताच.

हे ऐकलं आणि क्रांतीला उलट हुरूप आला. सगळे जेवायला बसले होते, तिनं भाकरी वाढता वाढता विषय काढला. "मामा, एक बोलू का? घास बंद हाय. तरी बी वास हाय. मग घासाचा काय दोष?"

बायडाबाईंच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. यशराज ताटात बघून हसला.

मामांनी पाणी पिऊन तांब्या ठेवला. "मग कशाचा दोष?"

"त्ये मला म्हाईत न्हाय."

"मग शोध की. ऐतवारपतोर दुसरं कायतरी घावलं तर घास ऱ्हाईल. न्हाय तर पिराजी येतोय."

मग काय, घरात शोधाशोध सुरू झाली. बायडाबाईंनी दृष्ट लागली असं ठरवून हरणीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि हरणी जी शिंकली ती शिंकतच राहिली. चिमणाबाईनं कुंपणावरून एकेक कारण सुचवलं. पाणी बदललं असेल, पेंड जुनी असेल, म्हैस माजावर असेल, तुझा सासरा हात धूत नसेल. क्रांतीनं पेंड हुंगली, पाणी हुंगलं, गोठ्याचा कोपरान्‌कोपरा हुंगला. सकाळची धार बायडाबाई काढायच्या, ते दूध डेअरीला जायचं आणि थोडं घरच्या चहाला. त्याला वास नव्हता. डेअरीचीही तक्रार नव्हती. मग तिनं एका संध्याकाळी मामांच्या बादलीच्या तळाशी उरलेलं दूध हुंगलं. वस्ताद खरं बोलत होते. म्हणजे म्हैस तीच, सकाळी चांगली, संध्याकाळी मात्र वास.

बादली. यशराजनं दिवाळीला पितळी चरवीच्या जागी नवी प्लास्टिकची बादली आणली होती आणि मामा ती कट्ट्यावर न्यायचे. क्रांतीला इतका आनंद झाला की तिनं ती बादली तिथल्या तिथं उराशी धरली. पण मामांपुढं नुसतं बोलून चालणार नव्हतं. कट्ट्यावर जाऊन डोळ्यांनी बघायचं, आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं, असं तिनं ठरवलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, पण त्या गडबडीत तिनं ती बाजूला ठेवली. वाटेकडच्या बांधाला घास कुणीतरी रोज थोडा थोडा कापून नेत होतं. आधी तिला चिमणाबाईच्या शेळीचा संशय आला. पण शेळी काही विळा घेऊन येत नाही, आणि हा कापलेला होता अगदी व्यवस्थित. न्या बाबा, तिनं मनात म्हटलं, रविवारपर्यंतच आहे तो.

शुक्रवारी मामा हरणीला घेऊन गेल्यावर थोड्या वेळानं ती केएमटीच्या बसमधे बसली आणि गंगावेशीत उतरली. थंडीचे दिवस, कट्ट्यावर गर्दी. ती भडंगाच्या गाडीच्या आडोशाला उभी राहिली. मामा तिला पाठमोरे दिसत होते. हरणी शेजारी, बादली खाली, पुढ्यात दोन अनोळखी माणसं. मामांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. त्यांनी पिशवीत हात घातला, हिरवागार घासाचा जुडगा काढला आणि हरणीच्या तोंडाशी धरला.

"घे गं बाय. दमलीस चालून."

क्रांतीला चोर सापडला होता.

पिराजी पलीकडून म्हणाला, "काय रे बाळासो, घास बंद केलास न्हवं?"

"घरात बंद हाय. वाटंनं येताना घासभर, हितं घासभर, तेवढाच. हल्ली त्याबिगर पान्हा सोडत न्हाय ही, गाड्यांच्या आवाजाला बुजती. मूठभरानं काय हुतंय?"

मग मामा त्या दोन माणसांकडं वळले आणि त्यांचा आवाज चढला. घरात कधी ऐकला नव्हता असा तो आवाज होता. "पावणं, हिचं अंग बघा. हात फिरवून बघा की. तेल लावलंय काय कोण? ह्यो सगळा घासाचा गुण हाय. माज्या सुनंनं केलाय. चंदगडची पोरगी. आमी पाणी पाजून मारला, खत घालून मारला, तरी हिनं परत उभा केला. आख्ख्या फुलेवाडीत असला चारा दुसऱ्या कुणाकडं हाय ते दावा."

"मग मोडतोस कशाला?" पिराजी म्हणाला. "आं? परवा नांगर घालायला मलाच बोलावलायस की."

मामा हरणीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "वस्तादांपुढं काय करू, पिराजी," ते म्हणाले. "त्यो माणूस माजं दूध पीत न्हाय, म्हंजे मी हितं उभा ऱ्हाऊन काय करतोय?"

भडंगवाला क्रांतीला विचारत होता, ताई, किती देऊ. तिला ऐकूच आलं नाही. दोन वर्षं ज्या माणसाच्या तोंडून 'बरा हाय'च्या पुढं शब्द निघाला नव्हता, तो गंगावेशीत उभा राहून परक्या माणसांना तिचा घास सांगत होता. तिला वाटलं, पुढं व्हावं आणि वाकून पाया पडावं. आणि त्याच क्षणी मामा खाली बसले, त्यांनी कासेला हात घातला आणि बादलीत धार वाजली. हरणी अजून घास चघळत होती.

तिला सगळं कळलं. माहेरी म्हशी रानातून परत येताना वाटेत कसला तरी उग्र पाला खायच्या, आणि आल्या आल्या धार काढली की दुधाला त्याचा वास यायचा. आई म्हणायची, जरा थांब, पोटात जिरू दे. सकाळच्या धारेला कधी वास नसायचा. इथंही तेच होत होतं. घासात काही वाईट नव्हतं, पण धारेच्या तोंडावर दिला की त्याचा वास दुधात उतरायचा. ती स्वतः घास दुपारी द्यायची, तो संध्याकाळच्या धारेपर्यंत जिरून जायचा. वास यायचा तो मामांच्या पिशवीतल्या घासाचा, आणि घरचा बंद झाल्यावरही तो चालूच होता. म्हणजे दोष घासाचाच होता, आणि तो शोधायला ती स्वतः केएमटीचं तिकीट काढून आली होती.

मामांनी मान वळवून वर बघितलं आणि ती दिसली. पिशवी झटकन पाठीमागं गेली.

"तू कवा आलीस?"

"आत्ताच."

"घावलं का काय?"

बादली त्यांच्या गुडघ्यांमधे होती. 'ही बादली,' एवढंच म्हणायचं होतं. मामांनी तिथल्या तिथं मानलं असतं. घास राहिला असता. जुनी पितळी चरवी परत आली असती, पिशवीतला घास तसाच चालू राहिला असता, आणि वस्ताद पिराजीकडंच राहिले असते. पलीकडं वस्ताद गलास हातात धरून उभे होते, आणि मामा तिच्याशी बोलता बोलता दर वेळी तिकडंच बघत होते.

"घरी जाताना सांगते," ती म्हणाली.

रंकाळ्याच्या कडेनं दोघं चालत निघाली, मधे हरणी. पाण्यावरून गार वारा येत होता. क्रांतीनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली. मग एका दमात सांगून टाकलं.

"मामा, दोष घासाचाच हाय. तुमी धारंच्या आधी देताय त्यो. त्याचा वास दुधात उतरतोय. मी बादलीवर ढकलणार हुते, खोटं सांगणार हुते. पर तुमी वस्तादांकडं बघताय ते मला बघवंना."

मामा थांबले. हरणीही थांबली. "त्या मूठभरानं?"

"व्हय. धार झाल्यावर द्या, न्हाय तर दुपारी द्या. मग काय बी हुणार न्हाय. पर तुमी दुसरं कारण घावलं तर घास ऱ्हाईल म्हणालता. दुसरं न्हाय घावलं."

मामांनी पिशवी खांद्यावरून काढली, तिच्यातला उरलेला घास हातात घेऊन बघितला आणि परत आत ठेवला. मग हरणीला हाकत ते पुढं निघाले. घरी आल्यावर क्रांती गोठ्यात गेली आणि हरणीच्या मानेला मिठी मारून पोटभर रडली. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटत नव्हतं. आपले दहा गुंठे आपण आपल्या तोंडानं घालवले, एवढंच वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी मामांनी हरणीला सोडलं आणि गोठ्याच्या दारातून हाक मारली, "क्रांती, चल." खांद्याला पिशवी नव्हती.

कट्ट्यावर पोचल्यावर मामा खाली बसले, त्यांनी कास पुसली, कासेला पाणी लावलं. हरणीनं मान वळवली, मामांच्या खांद्याकडं बघितलं, पिशवी नाही हे पाहिलं आणि दूध वर ओढून घेतलं. मामांनी थोपटलं, गोंजारलं, "बाय माजी, राणी माजी" केलं. थेंब नाही. गिऱ्हाईकं उभी. एकानं घड्याळ बघितलं. पिराजी म्हणाला, "पाव्हण्यांनो, आमच्याकडं बी म्हैस हाय बरं का." मामांच्या कपाळाला त्या थंडीत घाम आला.

"उठा मामा, मी बघते," क्रांती म्हणाली.

कट्ट्यावर सून धार काढायला बसणार, हे मामांच्या पचनी पडायला वेळ लागला असता, पण तेवढा वेळ नव्हता. ते उठले. क्रांतीनं पदर खोचला आणि हरणीच्या पोटाला डोकं टेकून बसली. रोज चारा घालणारा, शेण काढणारा, पाठ खरारणारा हात तो. तिनं घरच्यासारखं बोलणं सुरू केलं, काल चिमणाबाई काय म्हणाली, आत्तींनी आमटीत मीठ कसं दोनदा घातलं. हरणीचे कान सैल पडले. मग पान्हा सुटला आणि बादली वाजायला लागली.

पहिला गलास मामांनी उचलला. ते चालत वस्तादांपुढं गेले आणि काही न बोलता गलास पुढं धरला. वस्तादांनी तो नाकाशी नेला. थांबले. मग तोंडाला लावला आणि खाली घेतला तेव्हा तो रिकामा होता. मिशीवर फेस तसाच होता.

"कुणाची धार ही?"

"सुनंची."

"आणि वास कशाचा हुता?"

"वास घासाचा हुता, चूक माजी हुती," मामा म्हणाले, चार माणसांत, मोठ्यानं. "धारंच्या आधी मीच घालत हुतो. हिनं शोधलं."

वस्तादांनी क्रांतीकडं बघून मान डोलवली. "बरं केलंस पोरी. ह्या पिराजीचं दूध पिऊन पिऊन मला झोप लागत न्हवती."

"का, वाईट हुतं का माजं दूध?" पिराजी म्हणाला.

"चांगलं हुतं. पर आपलं न्हवतं."

सगळे हसले, पिराजीसुद्धा. हसता हसता त्याला आठवलं. "बाळासो, मग उद्याचं काय? ट्रॅक्टर आणू का नको?"

क्रांतीचा हात कासेवर थांबला. मामांनी गलास विसळला, उलटा करून झटकला.

"मला काय इचारतोस? घास माजा हाय व्हय? तिचा हाय. तिला इचार."

पिराजी क्रांतीकडं वळला. वस्ताद वळले. गलास घेऊन उभी असलेली माणसंही वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात दुधाचे असल्यामुळं ते पुसताही येत नव्हतं. नको, एवढा एकच शब्द पुरला असता. पण तिला एकदम दोन उन्हाळ्यांचे सगळे बांध आठवले, आणि खालच्या विहिरीजवळचा तो तुकडा आठवला, ज्यातला ऊस गेल्याच आठवड्यात तुटून गेला होता आणि ज्याचा खोडवा राखायचा, म्हणजे त्याच बुडख्यांना परत ऊस येऊ द्यायचा, म्हणून मामा रोज तिथं चक्कर मारून येत होते.

"आणा की," ती म्हणाली. "माळावर नको. खाली विहिरीजवळ घाला. उसाची बुडखी काढून टाका सगळी. थंडी हाय तवर तिथं बी घास टाकून घेते."

मामांनी तोंड उघडलं. "आगं, त्यो खोडवा..." म्हणाले आणि वस्तादांकडं वळले. वस्ताद मिशीवरचा फेस पुसत त्यांच्याकडं बघत होते.

पिराजी गोंधळला. "काय करू मग, बाळासो?"

"तिनं सांगितलं न्हवं?" मामा म्हणाले. "सकाळी लवकर ये. मागनं ऊन हुतंय."